बोरीची राख आणि गिरवलीचा आरसा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची नावे घेतली की शिवनेरी, नाणेघाट, भीमाशंकर, लेणी आणि द्राक्षांचे मळे आठवतात. काच काही कोणाला आठवत नाही. परंतु याच दोन तालुक्यांत काचेचे तीन विलक्षण नमुने आहेत. पहिला नमुना जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी या गावी आहे. ही काच कोणत्याही कारखान्यात तयार झालेली नाही, ती निसर्गाने बनवली. दुसरा नमुना आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर, ताऱ्यांचा प्रकाश गोळा करण्यासाठी बसवलेला आहे. तिसरा आहे नारायणगावजवळच्या खोडदला. तो केसासारखा बारीक असून जमिनीखालून जातो.

या तिन्ही काचांकडे नीट पाहिले तर काच म्हणजे काय, ती पारदर्शक का असते, ती इतकी गुळगुळीत कशी होते आणि तिच्या पोटात काळाची नोंद कशी राहते, हे सर्व आपल्याला समजू शकेल. सुरुवात मात्र वाण्याच्या दुकानापासून करू.

लिमलेटची गोळी आणि खडीसाखर

खडीसाखरेचा एक खडा आणि लिमलेटची एक गोळी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही साखरेच्याच आहेत. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून तो कित्येक दिवस हलू न देता ठेवला, म्हणजे दोऱ्याभोवती खडीसाखरेचे खडे जमतात. या खड्यांना सपाट पैलू असतात, कारण साखरेचे रेणू एकावर एक, ओळीने आणि शिस्तीने रचले गेलेले असतात. अशा रचनेला आपण स्फटिक म्हणतो. याउलट पाक खूप आटवून तो ताटात ओतला आणि लवकर थंड केला, तर रेणूंना ओळीत उभे राहण्याइतकी सवडच मिळत नाही. पाक दाट होत होत जेथल्या तेथे थिजतो. गोळी घट्ट होते, पण आतील रेणूंची मांडणी पातळ पाकात होती तशीच विस्कळीत राहते. तिला पैलू नसतात. फोडली तर ती शिंपल्याच्या आतील बाजूसारखी वक्र फुटते. लिमलेटची गोळी ही साखरेची काच आहे.

वाळूची काचही अशीच असते. वाळूतील मुख्य पदार्थ सिलिका. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि असे चौकोनी मनोरे एकमेकांना कोपऱ्यांनी जोडलेले असतात. गारगोटीच्या स्फटिकात ही जोडणी नियमित असते, तर काचेत ती वेडीवाकडी असते. जोडणी सर्वत्र सारखी नसल्यामुळे सगळे बंध एकाच तापमानाला सुटत नाहीत. बर्फ ० अंशांना वितळतो तसा काचेला ठरावीक द्रवणांक नाही. तापवत गेले की ती हळूहळू मऊ होते, मग मधासारखी होते आणि पुढे पातळ होते. या मधल्या अवस्थेमुळेच काच फुंकून फुगवता येते आणि तिचा तंतूही ओढता येतो.

येथे एका गैरसमजाची गाठ सोडवून घेऊ. काच हा अतिशय सावकाश वाहणारा द्रव आहे आणि म्हणून जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतील तावदाने खालच्या बाजूला जाड झालेली असतात, असे काही जण सांगतात. हे खरे नाही. पूर्वी तावदाने बनवण्याच्या पद्धतीतच त्यांची जाडी कमीजास्त राहत असे. नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही. याचा पुरावा आपल्याला बोरीलाच मिळणार आहे, तो थोड्या वेळाने पाहू.

वाळू, सोडा आणि चुना

नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. एवढी उष्णता लाकडाच्या किंवा कोळशाच्या साध्या भट्टीत मिळत नाही. मग जुन्या काळच्या लोकांनी काच केली कशी? त्यांनी वाळूत सोडा मिसळला. सोड्याने सिलिकेची जोडणी जागोजागी तुटते आणि मिश्रण पुष्कळ कमी तापमानाला वितळते. पण नुसता सोडा घातलेली काच पाण्यात विरघळते! म्हणून तिसरा पदार्थ, चुना, घालावा लागतो. आजही खिडकीच्या काचेत सत्तर टक्क्यांहून थोडी अधिक सिलिका आणि उरलेल्या भागात मुख्यतः सोडा व चुना असतो.

यात धातूंची चिमूटभर भर घातली की रंग येतात. कोबाल्टने गडद निळा रंग येतो, तांब्याने हिरवट-निळा आणि लोखंडाने बाटलीचा हिरवा. कासाराच्या दुकानातील बांगड्यांची रांग म्हणजे रसायनशास्त्राचा एक तक्ताच असतो.

आपल्याकडे काच फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्च्या काचेचा उल्लेख आहे. त्याच पुस्तकात पैठण, तेर आणि कल्याणही येतात. कल्याणहून घाटावर येणारा एक प्रमुख मार्ग जुन्नरच्या नाणेघाटातून जात होता, आणि जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. भारतीय काचेचा इतिहास एकत्र करून लिहिणारे संशोधकही मराठीच होते. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा या विषयावरील ग्रंथ १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

नव्या पद्धतीचा काच कारखानाही याच पुणे जिल्ह्यात निघाला. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोचला. वीज येण्यापूर्वी संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसणे हे घरातल्या मुलांचे ठरलेले काम असे. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे त्या मुलांना पुस्तकाशिवाय माहीत होते. थेंबाखालची काच एकदम आकुंचन पावते, शेजारची तशीच ताणलेली राहते आणि या ओढाताणीत काच तुटते. ही गोष्ट लक्षात ठेवा, गिरवलीला ती पुन्हा उपयोगी पडेल.

राख की काच?

आता बोरीला जाऊ. कुकडीच्या काठच्या गाळात येथे फिकट, मैद्यासारख्या बारीक पदार्थाचा एक थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील रवी कोरीसेट्टर, शीला मिश्र, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. हा पदार्थ ज्वालामुखीची राख आहे असे त्यांनी दाखवले. पण ‘राख’ या शब्दाने फसू नका. चुलीतील राख ही जळून उरलेली वस्तू असते. ज्वालामुखीच्या राखेत काही जळलेले नसते. बोरीची राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तिचे कण स्वच्छ, पारदर्शक आणि धारदार कडांचे दिसतात. ते काचेचे तुकडे आहेत.

हे तुकडे कसे तयार झाले? सोड्याची बाटली उघडली की काय होते ते आठवा. बाटली बंद असताना दाबामुळे वायू पाण्यात विरघळून राहिलेला असतो. दाब निघताच तो बुडबुड्यांच्या रूपाने उसळतो. ज्वालामुखीच्या पोटातील शिलारसातही पाण्याची वाफ अशीच विरघळलेली असते. शिलारसात सिलिका जास्त असेल तर तो फार चिकट होतो. वाफेला सहज बाहेर पडता येत नाही. शेवटी तोंड फुटले की सगळा रस एकाएकी फेसाळतो, फेसाचे बुडबुडे फुटतात आणि त्यांच्या पातळ भिंतींचे तुकडे आकाशात उडतात. हवेत ते क्षणार्धात थंड होतात. स्फटिक बनायला वेळ नाही, म्हणून काच! बोरीच्या राखेतील काही कण किंचित वाकलेले असतात, कारण ते बुडबुड्याच्या भिंतीचे तुकडे आहेत. काही कण इंग्रजी वाय अक्षरासारखे तीन फाट्यांचे असतात, कारण तेथे तीन बुडबुडे एकमेकांना टेकले होते.

काच वाहत नाही याचा पुरावा तो हाच. हे तुकडे हजारो वर्षे गाळात पुरलेले आहेत, तरी त्यांच्या कडा आजही धारदार आहेत. काच सावकाश का होईना वाहत असती, तर एवढ्या काळात या कडा केव्हाच गोल झाल्या असत्या.

तुम्ही विचाराल, काच पारदर्शक, मग तिची राख पांढुरकी का दिसते? प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना काही भाग परावर्तित होतो. एका तावदानाला दोनच पृष्ठभाग असतात. तेवढ्याच काचेचा चुरा केला की लक्षावधी पृष्ठभाग होतात आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा प्रकाश परत फिरतो. खडीसाखर पारदर्शक आणि पिठीसाखर पांढरी, त्याचे कारणही हेच.

ज्वालामुखी कोणता?

सह्याद्री ज्वालामुखीच्याच खडकाचा आहे, तेव्हा राखही तिथलीच असेल असे कोणालाही वाटेल. पण दोन गोष्टी जुळत नाहीत. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात सिलिका सुमारे ५० टक्के असते, तर बोरीच्या काचेत ती सुमारे ७७ टक्के आहे. शिवाय दख्खनचे लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि कुकडीचा गाळ त्या मानाने अगदी अलीकडचा. राख दुसरीकडूनच आली असली पाहिजे.

ती आली सुमात्रा बेटावरून. तेथे तोबा नावाचे सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद सरोवर आहे. हे सरोवर म्हणजे प्रचंड उद्रेकानंतर खचलेले ज्वालामुखीचे तोंड होय. तेथील शेवटचा महाउद्रेक सुमारे ७५,००० वर्षांपूर्वी झाला. त्यात सुमारे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला असा अंदाज आहे. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणात साडेतेरा टीएमसी, म्हणजे सुमारे ०.३८ घन किलोमीटर पाणी मावते. अशी सात हजारांहून अधिक धरणे भरतील एवढा तो रस होता! त्याची बारीक राख वाऱ्यावर तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर ओलांडून आपल्याकडे येऊन पडली. बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगाव, मध्य प्रदेशात सोन नदीचे खोरे आणि आंध्र प्रदेशात ज्वालापुरम येथेही ती सापडते.

वयाचा वाद

हे सर्व आज सांगायला सोपे आहे. परंतु बोरीच्या राखेचे वय ठरवताना मोठा वाद झाला, आणि विज्ञान कसे चालते ते शिकण्यासाठी हा वाद फार उपयोगी आहे.

प्रश्न केवळ राखेचा नव्हता. बोरीला त्याच गाळात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या. राखेचे वय कळले तर हातकुऱ्हाडींचा काळ कळेल आणि आपल्या खोऱ्यात माणूस केव्हापासून वावरत होता हेही कळेल, अशी आशा होती. १९८९ मध्ये पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले. १९९५ मध्ये आरगॉनच्याच सुधारलेल्या पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे निघाले. १९९८ मध्ये टोरांटो विद्यापीठाचे जॉन वेस्टगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ही सर्व राख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचीच आहे असे मांडले. एकाच राखेची तीन वयेॱ पहिले वय शेवटच्यापेक्षा जवळजवळ १९ पट!

असे का व्हावे? वर्गातले एक उदाहरण घ्या. वर्गात १४ वर्षांची ४९ मुले आहेत आणि ८४ वर्षांचे एक आजोबा येऊन बसले. सर्वांचे सरासरी वय किती? ४९ गुणिले १४ म्हणजे ६८६, त्यात ८४ मिळवून ७७०, भागिले ५० म्हणजे १५.४ वर्षे. वर्गात १५.४ वर्षांचा एकही जण नाही, तरी सरासरी मात्र तेवढी येते.

पोटॅशियम-आरगॉन पद्धतीत असे घडू शकते. पोटॅशियमचा एक प्रकार किरणोत्सारी असतो आणि त्यातून अतिशय सावकाश आरगॉन वायू तयार होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. खडकात किती आरगॉन साठला यावरून वय काढतात. आता राख नदीच्या गाळात पडलेली आहे आणि गाळ जुन्या खडकांच्या झिजेतून आलेला आहे. समजा, सारखेच पोटॅशियम असलेले १०० कण तुम्ही एकत्र मोजले. त्यांतील ९९ कण ७५,००० वर्षांचे आहेत आणि एकच कण ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे. सरासरी काढून पाहा. ती ७ लाख ३४ हजारांच्या पुढे जाते! प्रत्यक्षात बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी असल्याने एवढा फरक पडायला जुने कण अधिक लागतील. परंतु तरुण राखेत थोडीशी भेसळही किती घातक ठरते, ते या गणितावरून दिसते.

मग उपाय कोणता? सगळे कण एकत्र मोजण्याऐवजी काचेच्या तुकड्यालाच विचारायचे. काचेत अत्यल्प युरेनियम असते. त्याचा एखादा अणू मधूनच आपोआप दुभंगतो आणि त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना काच फोडीत जातात. त्यामुळे मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा ओरखडा उरतो. काच घासून आम्लात बुडवली की ओरखडे रुंद होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. काळ जितका जास्त तितके ओरखडे जास्त. काच जणू भिंतीवर रेघा मारून दिवस मोजत असते.

यातही एक मेख आहे. काचेतील ओरखडे काळाबरोबर थोडे बुजतात, त्यामुळे वय कमी दिसू शकते. ही घट भरून काढण्यासाठी मूळ नमुना आणि अणुभट्टीत मुद्दाम ओरखडे पाडलेला नमुना, दोन्ही एकाच तापमानाला सारखाच वेळ तापवतात आणि मग तुलना करतात. वेस्टगेट यांच्या गटाने ही दुरुस्ती करूनच वय काढले. दुसरा मार्ग काचेच्या घटकांचा आहे. एकेका तुकड्यातील निरनिराळ्या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले, तर कोणत्या उद्रेकाची काच आहे ते बोटांच्या ठशांप्रमाणे ओळखता येते. २०१४ मध्ये अशाच एकेका तुकड्याच्या पृथक्करणातून बोरीची राख तोबाच्या शेवटच्या उद्रेकाचीच असल्याचे पुन्हा दिसून आले.

यातून हातकुऱ्हाडींचे वय ७५,००० वर्षे ठरले काय? नाही. येथे घाई करू नका. पावसाने आणि पुराने राख एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. जुन्या हत्यारांवर नवी राख येऊन बसू शकते. राखेच्या वयावरून राख केव्हा पडली ते कळते. हत्यारे केव्हाची आहेत ते ठरवण्यासाठी थरांचा क्रम आणि इतर पुरावे तपासावे लागतात. आधीच्या संशोधकांचे श्रमही वाया गेलेले नाहीत. राख ओळखली ती त्यांनीच. त्यांनी आकडा लिहून ठेवला, पद्धत सांगितली, म्हणून इतरांना तो तपासता आला.

गिरवलीचा आरसा

बोरीहून पश्चिमेला पंचवीसएक किलोमीटरवर, सुमारे हजार मीटर उंचीवर, पुण्याच्या आयुका या संस्थेची गिरवली वेधशाळा आहे. ती २००६ साली सुरू झाली. तेथील दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास दोन मीटर आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. प्रकाश गोळा करण्याची शक्ती क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. २००० भागिले ७ आणि त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ८०,००० पट! दुय्यम आरशामुळे मधला थोडा प्रकाश अडतो, तो भाग आपण येथे सोडून दिला आहे.

गंमत अशी की दुर्बिणीच्या आरशात प्रकाश काचेतून जातच नाही. काचेवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि परावर्तन तोच करतो. मग खाली काच कशाला? आकार सांभाळण्यासाठी. धातू हा लहान लहान स्फटिकांचा बनलेला असतो, त्यामुळे घासताना कणांच्या सीमा आड येतात. काचेत स्फटिक नसल्याने तिला अतिशय सफाईने घासता येते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५ मिलिमीटर. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग त्याच्या दहाव्या भागापर्यंत अचूक असावा लागतो. दोन मीटरचा असा आरसा वाढवून बोरीपासून गिरवलीपर्यंत २५ किलोमीटर रुंद केला, तरी त्यावरील सर्वात मोठा उंचवटा सुमारे ०.६ मिलिमीटर भरेल!

आता कंदिलाची काच आठवा. साधी काच एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत ९ भाग प्रसरण पावते. तापमान १० अंशांनी उतरले तर दोन मीटरच्या आरशाचा व्यास सुमारे ०.१८ मिलिमीटरने घटेल. ही घट प्रकाशाच्या ३६० तरंगलांबींएवढी झाली. सगळा आरसा सारखाच आकसला तर निभावेल, पण कडा आधी थंड झाली आणि मध्य मागाहून, तर आकार बिघडतो आणि तारा फिसकटलेला दिसतो. म्हणून मोठ्या दुर्बिणींच्या आरशांसाठी जवळजवळ प्रसरण न पावणारे खास काचेचे पदार्थ तयार केलेले आहेत.

खोडदचा तंतू

खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस ताटल्यांत आरशाची काच कोठेच नाही. तारांची जाळीच तेथे आरशाचे काम करते. रेडिओ लहरींची तरंगलांबी सेंटिमीटर-मीटरमध्ये असते आणि जाळीची छिद्रे त्यामानाने फार लहान, म्हणून लहरींना जाळी गुळगुळीतच वाटते. वारा मात्र जाळीतून निघून जातो.

परंतु काच येथेही आहेच. ताटल्या सुमारे २५ किलोमीटर प्रदेशात पसरलेल्या आहेत आणि त्यांचे संदेश मध्यवर्ती इमारतीत काचतंतूंमधून येतात. तंतूचा गाभा थोड्या जास्त वक्रीभवनांकाचा आणि भोवतालची काच थोड्या कमी वक्रीभवनांकाची असते. त्यामुळे तिरप्या किरणाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि प्रकाश बाहेर न पडता पुढे जात राहतो. तावदानाकडे कडेने पाहिले तर ते हिरवे दिसते, कारण काचेतील लोखंड प्रकाश शोषते. अशा काचेतून किलोमीटरभर अंतर जाणे अशक्यच. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे. अशुद्धी काढता आल्या आणि काचतंतूंनी जग जोडले गेले. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

करून पाहा

१. एका चंबूत गोडेतेल घ्या आणि त्यात बोरोसिलची परीक्षानळी बुडवा. नळीतही तेल भरा. नळी जवळजवळ नाहीशी होते, कारण दोघांचे वक्रीभवनांक सुमारे १.४७ आहेत. भूवैज्ञानिक काचेच्या कणांचा वक्रीभवनांक असाच, निरनिराळ्या तेलांत बुडवून ओळखतात.

२. पिठीसाखरेच्या पातळ थरावर तेलाचे थेंब टाका. थर कमी पांढरा का दिसतो, ते लिहा. काचेचा चुरा मात्र या प्रयोगासाठी कधीही करू नका.

३. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. २५ किलोमीटर यायला किती वेळ लागेल? जवळच्या आणि दूरच्या ताटल्यांचे संदेश जुळवताना हा फरक का विचारात घ्यावा लागेल?

४. दर किलोमीटरला ५ टक्के प्रकाश कमी होत असेल, तर २५ किलोमीटरनंतर किती उरेल? उत्तर शून्य येत नाही, असे का?

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्यांना घेऊन बोरीला जाल तेव्हा तो थर पाहा, त्याचे चित्र काढा, खालचे आणि वरचे थर वहीत टिपा. पण राख उकरून आणू नका. नदीकाठचा असा थर पुराने कापला जातो, माती-वाळूच्या उपशाने नाहीसा होतो, आणि एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. बोरीच्या राखेचे वय तीनदा मोजता आले, कारण मोजायला राख जागेवर शिल्लक होती. चौथ्यांदा मोजणारा कदाचित तुमच्याच वर्गात बसलेला असेल.